मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा

छोट्या शहराचा इतिहास जमवायला घेतला असं कळलं की लोक आधी स्मरणिका आणून देतात. शाळेची सुवर्णमहोत्सवी, नगरपालिकेची शताब्दीची, झालंच तर व्यायामशाळेची. पहिल्या पानावर अध्यक्ष, मग शुभेच्छासंदेश, मग जाहिराती आणि उरलेल्या चार पानांत 'आमच्या शहराचा गौरवशाली इतिहास'. तोही बहुतेक वेळा आधीच्या स्मरणिकेतून उतरवलेला. मी वाचनालयात काम करते, या स्मरणिकांचं एक आख्खं कपाट माझ्याच ताब्यात आहे, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा. त्यांत कामाची एकच गोष्ट असते, ती म्हणजे फोटो. फोटोखाली ओळ असते : 'संस्थेचे पदाधिकारी व कर्मचारी'. पुढे पदाधिकाऱ्यांची नावं ओळीनं छापलेली असतात. कर्मचाऱ्यांची नसतात.

आम्ही जे काम हाती घेतलं ते त्या 'व कर्मचारी'साठी.

आम्ही म्हणजे मी, भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर आणि कॉलेजात शिकणारी दोन मुलं. पुस्तक लिहायचं नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं. आधी सामग्री गोळा करायची : घराघरांतले फोटो, पत्रं, हजेरीपुस्तकं, नकाशे, जुन्या कॅसेटी आणि माणसांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी. लिहिणारे पुढे कुणीतरी लिहितील. खरा वाद झाला तो सुरुवात कशानं करायची यावर. मुलांना आधी चांगला स्कॅनर घ्यायचा होता. मास्तर म्हणाले, "स्कॅनर काय, पुढच्या वर्षी आणखी चांगला मिळेल. नव्वदीतली माणसं पुढच्या वर्षी मिळतील का?" यावर कुणाला काही बोलता आलं नाही. मग वस्तूंची यादी बाजूला ठेवून माणसांची यादी केली, वयानुसार, सर्वांत वयस्कर माणूस सर्वांत वर. आज मागे वळून बघता सगळ्या कामात उपयोगी ठरलेला निर्णय कुठला, तर तो हाच. फोटो तीस वर्षं ट्रंकेत पडून राहिला तरी त्याचं फार बिघडत नाही. त्यातली माणसं ओळखणारं शेवटचं माणूस गेलं की मात्र तो नुसता जुना फोटो उरतो, कुठल्याही शहरातला.

माणसांकडे जायचं तर विचारायचं काय? 'जुन्या काळाबद्दल काहीतरी सांगा' म्हटलं की माणूस भाषण देतो. तेव्हा स्वस्ताई होती, लोक साधे होते, आता ते राहिलं नाही. पहिल्या काही रेकॉर्डिंगांत हेच फार आहे. मग मास्तरांनी भूगोलवाल्या डोक्यानं एक प्रश्न शोधला : "तुमच्या घरून शाळेत जायला निघालात. दारातून बाहेर पडल्यावर उजव्या हाताला पहिलं काय लागायचं?" या प्रश्नानं जादू केली. माणूस डोळे मिटतो आणि चालायला लागतो. कोपऱ्यावरचा पाण्याचा नळ, त्यावरची भांडणं, लोहाराचा भाता, गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे शिंपी, पोरांना हाकलणारी एक म्हातारी. एका निवृत्त पोस्टमन काकांनी आख्खं शहर असंच सांगितलं, तेही रस्त्यांच्या क्रमानं नव्हे तर टपालाच्या थैलीतल्या क्रमानं. कुणाकडे मनीऑर्डर यायची, कुणाकडे तार आली की ते दाराबाहेरच थांबायचे, कुठल्या घरात पत्र वाचूनही दाखवावं लागायचं. मी विचारलं, "काका, वाचून दाखवताना वाईट बातमी असली तर?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मधली एक ओळ गाळायचो. संध्याकाळी परत जाऊन सांगायचो, घरात बाकीची माणसं आल्यावर." असं काही कुठल्या दप्तरात सापडणार आहे?

तो 'बराच वेळ' महत्त्वाचा. मुलाखत घेणाऱ्याला शांतता सहन होत नाही, तो पुढचा प्रश्न टाकतो आणि येऊ घातलेली गोष्ट परत आत जाते. आमच्या मुलांना मी एकच नियम सांगितला होता : समोरचा थांबला की मनात दहा आकडे मोजायचे.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली, तिला मानसशास्त्रातही आधार आहे. उतारवयात माणसाला सर्वांत जास्त आणि सर्वांत लख्ख आठवतं ते साधारण दहा ते तीस या वयातलं. त्यामुळे कुणाकडे जायच्या आधी आम्ही त्यांचं जन्मसाल विचारून घ्यायचो आणि त्यांच्या त्या वीस वर्षांत शहरात काय काय घडलं याची यादी करून न्यायचो. ऐंशी वर्षांच्या माणसाला वीस वर्षांपूर्वी रस्तारुंदी कशी झाली ते विचारण्यात अर्थ नसतो. त्याच्या विशीत गिरणीत पाळी कशी बदलायची ते विचारावं.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते, कारण ती अवघड नाही, फक्त पाळावी लागते. आवाज डब्ल्यूएव्ही, म्हणजे काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्यावा. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी जागा लागते, आता ती कुणालाही परवडते. एमपी३ ऐकायला ठीक, पण मूळ प्रत म्हणून नको. खोलीतला पंखा बंद, फ्रीज बंद, आणि भिंतीवरचं घड्याळ परवानगी घेऊन दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि खोलीत आणखी कोण बसलंय ते बोलून घ्यायचं. हे शेवटचं फार कामाचं आहे, कारण सून समोर असताना सासूबाई जे सांगतात आणि ती नसताना जे सांगतात, त्यांत फरक असतो. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात. हल्ली यंत्र कच्चा मसुदा करून देतं, पण आडनावं आणि गल्ल्यांची नावं हटकून चुकवतं. म्हणजे जे आम्हाला हवं तेच.

अशा कामाची संस्थात्मक सुरुवात झाली ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, १९४८ साली. इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी तिथं मौखिक इतिहासाचा प्रकल्प सुरू केला. पण तिथंही आधी आवाज टिपले गेले ते राजकारणातल्या आणि उद्योगांतल्या बड्या मंडळींचे. सामान्य माणसाच्या दारात रेकॉर्डर पोचायला आणखी काही वर्षं जावी लागली. म्हणजे 'पदाधिकारी व कर्मचारी' हा क्रम काही आमच्या कपाटातल्या स्मरणिकांनीच लावलेला नाही.

आता पुलाची गोष्ट. नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, हे शहरात प्रत्येकाला ठाऊक. कधी? ज्याला विचारावं तो सांगे, "गिरणी बंद पडली त्या साली." एकानं नव्हे, दहाबारा जणांनी सांगितलं, शपथेवर. एका बाईंनी तर आपल्या नवऱ्याची नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी पूल गेल्याचं सांगितलं. मास्तरांनी नगरपालिकेची इतिवृत्तं काढली, त्या काळातल्या वर्तमानपत्राचे अंक पाहिले. पूल गिरणी बंद पडायच्या दोन वर्षं आधीच गेलेला. मुलांपैकी एक म्हणाला, "मग हे रेकॉर्डिंग चुकीचं. काढून टाकायचं का?"

मी त्याला इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराची हकिगत सांगितली. लुईजी ट्रास्टुली नावाचा तिथला एक तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी पोलिसांच्या कारवाईत मारला गेला. मोर्चा होता नाटो या लष्करी करारात इटलीनं सामील होण्याविरुद्ध. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेसान्द्रो पोर्तेली यांनी तिथल्या कामगारांच्या आठवणी टिपल्या, तेव्हा कित्येकांनी हा मृत्यू १९५३ सालचा म्हणून सांगितला. त्या साली कारखान्यातून मोठी कामगारकपात झाली होती आणि लोक रस्त्यावर उतरले होते. पोर्तेलींनी या चुका खोडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, इतक्या जणांची चूक एकाच दिशेनं का होते? शहराच्या मनावरचा मोठा घाव १९५३चा होता, आणि त्या तरुणाचा मृत्यू लोकांनी नकळत त्या घावापाशी नेऊन ठेवला होता.

आमच्या पुलाचंही तेच झालेलं दिसतं. पूल गेल्यावर गिरणीत पलीकडून येणाऱ्या कामगारांना लांबचा वळसा पडायला लागला होता. मग गिरणीच बंद पडली आणि नवा पूल होईपर्यंत पलीकडच्या कुणाला कामासाठी अलीकडे यायचं कारणच राहिलं नाही. लोकांच्या आठवणीत दोन तुटलेल्या गोष्टी मिळून एक झाली. आमच्या नोंदीत म्हणून दोन रकाने आहेत, 'कागदावरून' आणि 'सांगण्यावरून'. पहिल्यात एक साल, दुसऱ्यात दुसरं. मास्तरांना हे आजही पुरतं पटलेलं नाही. त्यांच्या मते तारीख ती तारीख. रकाने मात्र दोनच राहिले.

फोटोंचं काम याच्या पाठोपाठ सुरू झालं, आणि तिथं पहिला धडा एका घरमालकानं दिला. अल्बम वाचनालयात नेऊन स्कॅन करून दोन दिवसांत परत देतो म्हटल्यावर ते म्हणाले, "न्यायचं नाही. इथं बसून काय करायचं ते करा." रागच आला होता. पण स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलो आणि पाचव्या मिनिटाला घरातली सगळी माणसं भोवती जमली. "ही आत्या नव्हे, ही तिची मैत्रीण." "हा फोटो पाडव्याचा कसा असेल, मागे छत्र्या दिसतायत की!" मुलगा स्कॅन करत होता आणि मी नुसती लिहीत होते. अल्बम वाचनालयात नेला असता तर फोटो आले असते, हे बोलणं आलं नसतं. त्या दिवसापासून आम्ही कुणाचाच अल्बम घराबाहेर नेत नाही.

काही बारीक गोष्टी ज्यांना हे काम करायचंय त्यांच्यासाठी सांगते. फोटो अल्बममधून काढण्याआधी पान जसंच्या तसं स्कॅन करावं, कारण कुठल्या फोटोशेजारी कुठला लावलाय यातही माहिती असते. काळ्या कागदाच्या जुन्या अल्बमांत फोटो कोपऱ्यांत अडकवलेले असतात, ते सहज सुटतात. त्रास देतात ते नंतरच्या काळातले चिकट पानांचे अल्बम, वर पारदर्शक प्लास्टिक असलेले. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढत न्यायचा. निघाला तर निघाला, अडला तर सोडून द्यायचा आणि पानासकट स्कॅन करायचा. फोटोच्या मागे बॉलपेननं कधीच लिहू नये, शाई आणि दाब दोन्ही पुढे उमटतात. मऊ शिसपेन, तीही कडेला. फोटो ठेवायला पीव्हीसीची, उग्र वासाची पाकिटं नकोत. पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिस्टर चालतं. आणि कुठल्याही परिस्थितीत लॅमिनेशन नको. हौसेनं लॅमिनेट केलेलं एक प्रशस्तिपत्र आमच्याकडे आलंय. ते आता त्या प्लास्टिकमधून परत बाहेर काढता येत नाही.

कागदी फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला तेवढे ठिपके, स्कॅन करावा. मूळ प्रत टिफ फाइल, दाखवायची प्रत आकारानं लहान अशी जेपेग. चार बाय सहा इंचाचा रंगीत फोटो असा घेतला तर साधारण २६ एमबीची फाइल होते. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हला २४०० किंवा त्याहून जास्त लागतं, कारण ती मुळात आहेच एवढीशी. निगेटिव्हच्या डब्यातून आंबूस वास आला तर समजावं, ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. अशा डब्याचा नंबर रांगेत सर्वांत पुढे लावावा आणि तो बाकीच्यांपासून दूर ठेवावा. आणि फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करायची. कोरी असली तरी. कारण कोरं वाटणाऱ्या पाठीवर स्टुडिओचा फिका शिक्का असतो, नाहीतर कागदाच्या कंपनीचा छाप असतो.

साल ठरवायला ही पाठ फार मदत करते. कागदाचा पोत प्लास्टिकसारखा गुळगुळीत असेल, तर ती प्रत १९६०च्या दशकाच्या अखेरीआधीची नसते, कारण रेझिनचा थर दिलेला कागद त्याच सुमारास बाजारात आला. पण इथं एक मेख आहे : प्रत नंतरची असली म्हणून फोटो नंतरचा ठरत नाही, जुन्या निगेटिव्हवरून कुणीतरी नव्यानं काढून घेतलेली असू शकते. मग फोटोच्या आत बघायचं. विजेचे खांब आलेत का, भिंतीवर कुठलं पोस्टर आहे, स्टेशनवरची पाटी जुनी की नवी, शाळेवरचा दुसरा मजला झालाय का. शाळेच्या मजल्यावरून मास्तरांनी जितक्या फोटोंची सालं लावली तितकी दुसऱ्या कशावरूनच लागली नाहीत.

आता शीर्षकाकडे येते. शाळेचा एक सामूहिक फोटो आहे, सातवीचा वर्ग, तीन रांगा. मधोमध हेडमास्तर खुर्चीवर. अशा फोटोंसाठी आम्ही एक पद्धत बसवली. फोटो मोठा करून छापायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रत्येक डोक्याभोवती रेघ मारून आकडा घालायचा आणि समोर कोरी यादी. एकाच वेळी दोघांना दाखवायचं नाही. एकानं ठासून नाव घेतलं की दुसऱ्यालाही तेच आठवायला लागतं.

त्या वर्गातल्या एक आजी अजून आहेत. भिंग घेऊन बसल्या. पुढच्या रांगेतल्या मुली भराभर सांगितल्या, माहेरची नावं, सासरची नावं, कोण कुठं दिली. मधली रांगही झाली. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्यावर बोट थांबलं. "हा आमच्या वर्गात नव्हता गं." मी म्हटलं, "आजी, दुसऱ्या तुकडीतला असेल." "छे. अगं हा फोटोवाल्याबरोबर आलेला पोरगा. पेटी उचलायला आणायचा तो त्याला. मागची रांग एकानं कमी दिसत होती म्हणून उभा केला. बघ ना, सगळ्यांच्या सदऱ्याला वरपर्यंत गुंड्या आहेत, याच्या नाहीत."

भिंगातून पाहिलं. खरंच, वरची गुंडी नव्हती. आणि बाकी सगळी मुलं कॅमेऱ्याकडे बघतायत, हा किंचित बाजूला, बहुधा कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या हातांकडे.

दुसऱ्या गावी राहणाऱ्या त्यांच्याच एका वर्गमित्रांना तोच फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, तो शाळेच्या शिपायाचा मुलगा. नाव दोघांनाही सांगता आलं नाही. आमच्या नोंदीत दोन्ही सांगणी आहेत, कुणी सांगितली, कोणत्या तारखेला सांगितली त्यासकट. मला स्वतःला आजींचं पटतं, गुंडीमुळे. पण ते माझं मत झालं, म्हणून ते तिसऱ्या ओळीत माझ्या नावानं लिहिलेलं आहे.

नोंदवहीचं एवढं माहात्म्य का, तर सगळा संग्रह तिच्यावर उभा असतो. ग्रंथालयांत वापरतात तो डब्लिन कोर नावाचा साचा आहे, त्याचा पाया १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी भरलेल्या कार्यशाळेत घातला गेला, म्हणून हे नाव. त्यात पंधरा रकाने आहेत : शीर्षक, निर्माता, तारीख, हक्क वगैरे. आम्ही त्यातले लागतील तेवढे घेतले आणि आपले तीन जोडले. कुणी दिलं, कुणी ओळखलं, कधी ओळखलं. तारखेबाबतही एक शिस्त ठेवली. नक्की माहीत नसेल तर आकडा ठोकून द्यायचा नाही. तारखांच्या आयएसओ ८६०१ या मानकाच्या २०१९ सालच्या दुसऱ्या भागात शंकास्पद तारखेपुढे प्रश्नचिन्ह आणि अंदाजे तारखेपुढे नागमोडी रेघ द्यायची सोय आहे, तीच आम्ही उचलली. मुलांना सुरुवातीला ही कटकट वाटायची. पुढे पुढे प्रश्नचिन्ह देताना त्यांना भलताच अभिमान वाटायला लागला.

परवानगीचं प्रकरण मला वाटलं होतं त्यापेक्षा नाजूक निघालं. एक तर फोटो ज्याच्या कपाटात आहे त्याचा हक्क त्यावर असतोच असं नाही. हक्क बहुधा काढणाऱ्याचा किंवा पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा असतो, आणि काढणारा स्टुडिओ कधीच बंद झालेला. त्याच्या वारसांना गाठून लेखी संमती घेतली, ते आनंदानं तयार झाले. खरा प्रश्न होता तो आठवणींचा. आमच्या संमतीपत्रावर आधी दोनच पर्याय होते : वाचनालयात येऊन ऐकता यावं, की इंटरनेटवर सगळ्यांना खुलं असावं. फोटो ओळखणाऱ्या त्या आजींनी मुलाखतीत एका ठिकाणी आमचा रेकॉर्डर बंद करायला लावला, मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "लाव परत. सांगते. पण मी असेपर्यंत नको, मग खुशाल लावा." तेव्हापासून कागदावर तिसरा पर्याय आहे, आजींच्याच शब्दांत : 'मी असेपर्यंत नको'. तो निवडणारे पुष्कळ निघाले.

आणि एक फोटो. गिरणीचं फाटक, संपाचे दिवस, फाटकातून आत जाणारे पाचसहा कामगार. मागे शाईनं नावं आणि वर मोठ्या अक्षरात 'हे फितूर'. फोटो देणाऱ्याच्या वडिलांचं अक्षर. त्या नावांतल्या दोघांची नातवंडं शहरात राहतात. पुढची बाजू दाखवायची की नाही, यावर वाद नव्हता, इतका स्पष्ट संपाचा दुसरा फोटोच नाही. मागच्या बाजूचं काय? मुलांचं म्हणणं, लिहिलंय ते लिहिलंय, इतिहास लपवायचा नसतो. मास्तर म्हणाले, "लिहिणाऱ्याचा राग हाही इतिहासच आहे, पण तो त्या पाच जणांचा इतिहास नव्हे. त्यांच्या घरी तेव्हा चूल पेटत होती का, हे कुणी लिहून ठेवलंय?" शेवटी फोटोखाली जे दिसतं तेवढंच लिहिलं : 'संपकाळात गिरणीच्या फाटकातून आत जाणारे कामगार'. मागची बाजू स्कॅन केलेली आहे, नोंदीत आहे, वाचनालयात येऊन मागणाऱ्याला दाखवतो. नेटवर नाही. हे बरोबरच आहे असा माझा दावा नाही, पण नियम लिहून ठेवला आहे आणि का केला तेही लिहिलं आहे, म्हणजे उद्या कुणाला बदलायचा असेल तर त्याला कशाशी भांडायचं ते कळेल.

प्रदर्शन आम्ही सभागृहात भरवलं नाही. सभागृहात उद्घाटन होतं, भाषणं होतात आणि दुसऱ्या दिवशी कुणी फिरकत नाही. फोटो जिथं काढले तिथंच लावले. स्टेशनचे स्टेशनवर, शाळेचे शाळेच्या फाटकाशी, नदीचे नव्या पुलाच्या कठड्याला. प्रत्येक छापील फोटोभोवती चार बोटं पांढरी जागा सोडलेली, शेजारी दोरीला बांधलेली शिसपेन आणि वर एक ओळ : 'ओळखलंत तर लिहा, आणि तुमचंही नाव लिहा.' शिसपेनी रोज चोरीला जायच्या. तरीही त्या पांढऱ्या जागेत जे आलं ते आम्ही दारोदार फिरून मिळवलं नसतं. काही टवाळी होती, एका नगरसेवकाला मिशा काढलेल्या होत्या. बाकी नावं. नावांखाली दुसऱ्या अक्षरात 'चूक, हा त्याचा भाऊ'. त्याखाली तिसऱ्याच अक्षरात 'भाऊ नव्हता त्याला'. स्टेशनवरच्या एका फोटोतला हमाल चौघांनी वेगवेगळा ओळखला आणि पाचव्यानं नुसतं लिहिलं, 'माझे वडील', खाली फोन नंबर. त्यांच्या घरी गेलो तेव्हा वडिलांचा पितळी बिल्ला निघाला, नंबरासह. फोटो मोठा करून पाहिला तर दंडावरच्या बिल्ल्याचे शेवटचे दोन आकडे वाचता आले. जुळले.

नेटवर ठेवण्याविषयी मात्र मी सावध आहे. शहराचे जुने फोटो टाकणारे गट समाजमाध्यमांवर आहेत आणि तिथून आम्हाला नावंही मिळाली, पण ती जागा फळ्यासारखी आहे, कपाटासारखी नाही. फोटो तिथून जाताना आक्रसतो, सोबतची माहिती गळते आणि दोन दिवसांत तोच फोटो दुसऱ्याच शहराच्या नावानं परत येतो. शिवाय अशा जागा कायमच्या नसतात. जिओसिटीज या फुकट वेबपानं बनवू देणाऱ्या सेवेवर एकेकाळी लाखो लोकांनी आपापली पानं बांधली होती, त्यात गावांच्या इतिहासाचीही असतील. २००९ साली ती सेवा बहुतेक ठिकाणी बंद झाली. काही हौशी लोकांनी धावपळ करून जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवून घेतलं म्हणून थोडंफार वाचलं. आम्ही खुले करता येतील ते फोटो इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयावर आणि हक्कांची अडचण नाही ते विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर ठेवतो, तेही नोंदीसकट. पण मूळ प्रत आपल्याकडेच.

आपल्याकडे म्हणजे तीन ठिकाणी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आहे : प्रती तीन, साठवायची साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत गावाबाहेर. पहिल्या दोन गोष्टी सोप्या. तिसरीबद्दल मी हट्ट धरला, कारण वाचनालय नदीपासून फार लांब नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आर्नो नदीचं पाणी शिरलं, तेव्हा खालच्या मजल्यांवरचे लाखो ग्रंथ आणि वर्तमानपत्रांचे अंक चिखलात गेले. ती तर केवढी संस्था. आमच्या दोन खोल्यांचं काय घेऊन बसलात? शेवटी दुसऱ्या एका शहरातल्या वाचनालयाशी बोललो, तेही असंच काम करतायत. आमची डिस्क त्यांच्या कपाटात, त्यांची आमच्या. वर्षातून एकदा दोन्हीकडे प्रत्येक फाइलची तपासबेरीज जुळवून पाहायची. यंत्र प्रत्येक फाइलसाठी अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक खूण काढून देतं. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती खूण वेगळीच येते. आमची एक फाइल यंदा जुळली नाही, दुसऱ्या प्रतीवरून बदलून घेतली. त्यांच्या सगळ्या जुळल्या.

पुढच्या आठवड्यात आमची दोघं मुलं तिकडे जाणार आहेत. स्कॅनर बरोबर नेतायत, कारण तिथल्या एका घरी निगेटिव्हचे डबे आहेत, वास यायला लागलाय, आणि घरातल्या काकूंनी आधीच कळवून ठेवलंय की काहीही बाहेर नेता येणार नाही.